वेलंकनीचा नवस फेडायचाय, पण अम्माचे गुडघे गेलेत. काय करावं?

कुंभारीवाला

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, माहिती असेल त्यांनी सांगा, टिंगल करणाऱ्यांनी पुढचा धागा बघा.

आम्ही पद्मशाली, सोलापूरचे. आधी पूर्व भागात भाड्याच्या खोलीत होतो, २००६ ला कुंभारीच्या घरकुलात घर मिळालं. अम्मा विडी कामगार. रोज हजार विड्या, मांडीवर सूप, पाय दुमडलेले, तीस-बत्तीस वर्षं असंच बसून. त्यामुळे आता दोन्ही गुडघ्यांची वाट लागलीय. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले मधली गादीच उरलेली नाही, हाडावर हाड घासतंय, खाली बसायचंच नाही.

आता मूळ गोष्ट. २००३ मध्ये माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना टेम्पोखाली आला. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. तेव्हा सांगितलं होतं की पाय आखूड राहणार, पोरगा लंगडणार. त्या वेळी आमच्या शेजारी रेल्वेतले एक तमिळ कुटुंब राहायचं, ख्रिश्चन. त्या आंटी रोज संध्याकाळी एका छोट्या बाटलीतलं तेल आणून भावाच्या प्लास्टरच्या कडेला बोटानं लावायच्या आणि त्याला तीच ती गोष्ट सांगायच्या, एक लंगडा पोरगा रस्त्यावर ताक विकायचा, एक बाई बाळाला घेऊन आली, ताक मागितलं, आणि पोरगा उठून चालायला लागला. भावाला ती गोष्ट पाठ झाली होती. अम्मा नवस बोलली (आमच्यात मोक्कु म्हणतात) की पोरगा सरळ चालला तर वेलंकनीला (तमिळनाडूत, मरियामातेचं मोठं देवस्थान) येईन, गुडघ्यावर चालेन आणि चांदीचा पाय वाहीन.

भाऊ आता पुण्यात कंपनीत आहे, ट्रेकला वगैरे जातो, पाय आखूड नाही काही नाही. चांदीचा पाय अम्मानं तेव्हाच सराफाकडून घेऊन ठेवला होता, पातळ पत्र्याचा, बोटाएवढा. बिस्किटाच्या डब्यात हळदीकुंकवाच्या पुड्यांशेजारी पडून आहे, पार काळा पडलाय. जाणं मात्र झालं नाही. वडिलांचा लूम बंद झाला, मग ताईचं लग्न, मग वडील गेले, मग कोरोना. आता अम्मा म्हणते, या वर्षी ८ सप्टेंबरला न्या, नाहीतर नेऊ नका.

तर मला हे विचारायचंय की गुडघ्यावर चालणं म्हणजे नक्की किती, कुठून कुठे, आणि अम्माच्या ऐवजी मी किंवा भावानं केलं तर चालतं का? आपल्याकडे तुळजापूरला आईच्या नावानं मुलगा लोटांगण घालतो तसं? दुसरं म्हणजे आम्ही हिंदू, आत घेतात का, प्रसाद घ्यायचा का. आणि ८ तारखेला गर्दी किती असते, सत्तरीच्या बाईला घेऊन जाण्यासारखं आहे का. आंटी बदली होऊन गेल्या, नंबर नाही, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं.

बाळीवेसचा_बंड्या

काय बे, डॉक्टर खाली बसू नको म्हणतो आणि तू गुडघ्यावर चालायचं विचारलालास. देव काय हिशोब लिहून ठेवलाय का. व्हीलचेअरवर न्या, हात जोडा, या परत. (टिंगल नाही, माझी आजी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, अक्षता सोहळ्याला उभं राहायचं म्हणून हट्ट करून पडली होती, खुबा गेला, म्हणून बोललो.)

लाईनीतला_पोरगा

भावा, आम्ही सोलापूर रेल्वे लाईनीतले कॅथलिक, वडील गार्ड होते. मी आजवर सात वेळा गेलोय, लहानपणी पासवर, आता स्वतःच्या पैशानं. त्यामुळे लांबलचक लिहिणार, चहा घेऊन बस.

पहिलं, ८ तारखेचा हट्ट सोडायला सांग. ८ सप्टेंबर म्हणजे मरियामातेचा जन्मदिवस, तो मुख्य सण, बरोबर आहे. पण उत्सव सुरू होतो २९ ऑगस्टला संध्याकाळी, ध्वज चढवतात तेव्हा. मातेचं चित्र असलेला मोठा ध्वज, आधी मिरवणूक, मग तंजावरचे बिशप आशीर्वाद देतात आणि ध्वज वर जायला लागला की सगळा जमाव एका आवाजात "मरिये वाळ्गा" ओरडतो. तुला सांगतो, संक्रांतीला नंदीध्वज उभे राहिले की अंगावर जसा काटा येतो ना, तस्साच. मी एकदा तिथं उभा राहून रडलोय आणि मी काही फार चर्चला जाणारा माणूस नाही, बायकोला विचार.

मग ३० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर नऊ दिवस नोव्हेना. आपल्या नवरात्रासारखं समज, रोजची प्रार्थना, जपमाळ, पहाटेपासून एकामागून एक मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आणि त्या वेगवेगळ्या भाषांत. तमिळ तर असतेच, पण मल्याळम, तेलुगू, कन्नड, कोंकणी, हिंदी, आणि मराठीतसुद्धा. तुझ्या अम्माला तेलुगू मिस्सा सापडेल, सगळं कळेल तिला. कुठल्या वेळेला कुठली भाषा ते बोर्डावर लिहिलेलं असतं, तिथं गेल्यावर पहिल्यांदा तोच बोर्ड बघायचा.

आणि रोज संध्याकाळी रथ निघतो. हे मुद्दाम सांगतोय कारण तुम्ही पद्मशाली, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ तुमच्या रक्तात आहे. तिथं फुलांनी आणि लाईटींनी सजवलेला रथ, माता साडी नेसलेली (हो, साडीच, जरीकाठाची, पहिल्यांदा बघणारे सगळे चकित होतात), मागं मेणबत्त्या घेऊन लोक. ७ तारखेच्या रात्री सगळ्यात मोठी मिरवणूक, पुढं संतांच्या मूर्तींचे छोटे रथ आणि शेवटी मातेचा. ८ ला संध्याकाळी ध्वज उतरवतात, की संपलं.

आता माझं मत. ७ आणि ८ ला तिथं भक्ती होत नाही, ढकलाढकली होते. लाखोंनी माणूस, रस्त्यावर झोपलेला. चेन्नईपासून, तिरुचीपासून भगवे कपडे घालून, गळ्यात जपमाळ घालून अनवाणी चालत आलेली माणसं असतात, चेन्नईहून तीनशे किलोमीटरच्या वर होतं. दुरून बघितलं तर वारीच वाटते, फक्त टाळ नाहीत. त्यांचं मला कौतुक आहे, पण त्या गर्दीत गुडघेदुखीवाल्या बाईला नेणं म्हणजे आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं करण्यासारखं. त्यापेक्षा नोव्हेनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचा. ध्वज वर फडकतच असतो, रथ मिळतो, मिस्सा मिळते, आणि अम्माला बसायला बाक पण मिळतो.

गुडघ्याचं सांगतो. बॅसिलिकाच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, मागल्या अंगानं माताकुळमकडे, म्हणजे मातेच्या तळ्याकडे, एक वाळूचा रस्ता जातो. एका बाजूला क्रुसाच्या वाटेची स्थानकं (येशूला क्रुसावर द्यायला नेलं त्या वाटेवरचे प्रसंग), दुसऱ्या बाजूला जपमाळेचे प्रसंग. नवसवाले त्या वाळूतून गुडघ्यावर जातात. लांब आहे रे. मी विशीत असताना निम्मा केला, नंतर उभाच राहिलो, गुडघे सोलून निघाले. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर करतात, दुपारी वाळू तापते. रस्त्याकडेला बायका नवऱ्याचा नाहीतर पोराचा हात धरून जाताना दिसतात, आणि कोणी कोणाकडे बघत नाही, हे मला तिथलं सगळ्यात आवडतं.

तळ्याची गोष्ट वेगळी आहे, ताकवाल्याची वेगळी. तळ्याच्या काठी दूध घेऊन निघालेला गुराख्याचा पोरगा झोपला होता, मातेनं बाळासाठी दूध मागितलं, त्यानं दिलं, आणि मालकाकडे पोचला तर घागर भरून वाहायला लागली. ताकवाला पोरगा बसायचा त्या जागेला नडुतिट्टू म्हणतात, तिथं वडाखाली. त्यानं नागपट्टिणमला जाऊन एका ख्रिस्ती माणसाला सांगितलं म्हणून पहिलं गवताचं चर्च झालं, असं सांगतात. तिसरी गोष्ट पोर्तुगीज खलाशांची, वादळात सापडले, नवस बोलले की जिथं किनारा लागेल तिथं चर्च बांधू, आणि ८ सप्टेंबरला इथं लागले. म्हणजे बघ, पक्कं चर्चसुद्धा नवस फेडायलाच बांधलंय. त्यांनी पुढच्या फेरीत आणलेल्या चिनी मातीच्या प्लेटा वेदीवर अजून आहेत. तुझ्या अम्माला नडुतिट्टूला नक्की ने, तिची गोष्ट तिथली आहे.

जुना_मिशनवाला

मी पण सोलापूरचाच, आमचं कुटुंब चार पिढ्या ख्रिस्ती, पण प्रोटेस्टंट. कोणाला दुखवायचं नाही, पण एक स्पष्ट बोलतो. आमच्यात नवस, मूर्ती, रथ, चांदीचे पाय यातलं काही नाही. प्रार्थना थेट येशूकडे. सोलापुरात बऱ्याच लोकांना वाटतं सगळे ख्रिश्चन वेलंकनीला जातात, तसं नाहीये. आणि माझ्या मते देवानं पोरगा बरा केला तो केला, त्याला बदल्यात म्हातारीचे गुडघे नको आहेत.

लाईनीतला_पोरगा

काका, बदला नाही ओ, आभार. बाकी गुडघे नको आहेत यावर तुमचं माझं एकमत. आणि मूर्तीचं म्हणाल तर आमच्यात पण पूजा मूर्तीची नसते, मातेला आम्ही आमच्यासाठी विनंती कर म्हणून सांगतो. हा वाद गेली पाचशे वर्षं चाललाय, तो आपण या धाग्यावर मिटवू असं वाटत नाही :)

श्रीरामपूरकर

नवस बदलता येतो का, या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही म्हणून लिहितो. मी काही वर्षं सेमिनरीत होतो, पुढे फादर झालो नाही, संसार केला, पण त्या वेळचं थोडं डोक्यात आहे.

कॅथलिक चर्चचा कायदा आहे, १९८३ चा कॅनन लॉ. त्यात कलम ११९१ ते ११९८ फक्त नवसावर आहेत. नवस म्हणजे देवाला समजून-उमजून, मोकळ्या मनानं दिलेलं वचन, आणि ते शक्य असलेल्या चांगल्या गोष्टीचंच असलं पाहिजे. शक्य हा शब्द लक्षात ठेवा. अजून एक म्हणजे नवस देवाला असतो, मातेच्या नावानं बोललो तरी. ११९३ सांगतं की नवस ज्यानं बोलला त्यालाच लागू. म्हणजे अम्माचा नवस तुमच्या भावाच्या डोक्यावर बसत नाही. त्यानं प्रेमानं गुडघ्यावर चालायचं ठरवलं तर सुंदर, पण त्यानं नाही केलं तर काही कोप वगैरे होणार नाही, त्याला तसं घाबरवू नका. ११९४ म्हणतं वचनातली गोष्टच मुळापासून बदलली तर नवस सुटतो. आणि ११९७ प्रमाणे स्वतः नवस बोलणारा माणूस त्याच्या जागी तेवढंच चांगलं किंवा जास्त चांगलं दुसरं काही ठरवू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कमी करायचं असेल तर फादरना विचारायचं.

आता तुम्ही हिंदू, त्यामुळे हा कायदा तुम्हाला काटेकोर लागू नाहीच. पण सांगायचं कारण हे की ज्या चर्चच्या दारात नवस फेडायला जाताय तिथला कायदासुद्धा इतका मऊ आहे. तिथल्या कुठल्याही फादरना जाऊन गुडघे दाखवा, ते डोक्यावर हात ठेवून सांगतील की बसून जपमाळ करा. तरी एक सुचवतो. अम्मा तेव्हा नेमकं काय बोलल्या होत्या ते शब्द न् शब्द विचारा. घरच्यांना नवस ऐकीव असतो, आणि वीस वर्षांत तो वाढत जातो.

दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल विचारलंत. बिनधास्त जा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागानं तंजावरच्या बिशपना पत्र पाठवलं, पोपच्या संमतीनं. त्यात वेलंकनीच्या भक्तीचं कौतुकच आहे आणि इतर धर्मांचे लोक तिथं येऊन समाधान घेऊन जातात त्याला धर्मांची सरमिसळ समजायचं कारण नाही, असं आहे. १९६२ ला पोप जॉन तेविसावे यांनी त्या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा दिला, आणि २००२ ला ११ फेब्रुवारीचा जागतिक रुग्ण दिन तिथं साजरा झाला होता. वेलंकनीच्या मातेला आरोग्य माता म्हणतात ते उगाच नाही.

फक्त मिस्सामध्ये जो ख्रिस्तप्रसाद देतात, पांढरी गोल चकती, ती घ्यायला रांगेत जाऊ नका. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. देवळातला प्रसाद समजून लोक हात पुढे करतात आणि मग फादर आणि ते दोघंही अवघडतात. त्या वेळी बाकावर बसून राहिलं तरी कोणाला काही वाटत नाही.

आणि इतकं लांब जमणारच नसेल तर आमच्याकडे या. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. सप्टेंबरमध्ये तिथं मतमाऊलीची यात्रा भरते, नोव्हेना, मिस्सा, भजनं सगळं मराठीत, गावोगावचे लोक पायी येतात. साखर कारखान्याचं जुनं गाव आहे. सोलापूरहून दौंडमार्गे गाडी, स्टेशनचं नाव मात्र बेलापूर, श्रीरामपूर शोधत बसू नका, आणि नवी मुंबईच्या बेलापूरचं तिकीट तर अजिबात काढू नका, एका पाहुण्यानं काढलं होतं.

जुळे_सोलापूरची_वहिनी

मी तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन वेलंकनीला गेले होते, आम्ही मराठा, नवस नणंदेचा. वरच्या सगळ्यांनी भक्तीचं सांगितलं, मी पोटापाण्याचं सांगते.

सोलापूरहून चेन्नईची गाडी पकडायची, चेन्नईहून रात्रीची कारैकलची गाडी, नागपट्टिणमला उतरायचं, तिथून दहा-बारा किलोमीटर बस नाहीतर रिक्षा. वेलंकनीला स्वतःचं स्टेशन पण आहे पण तिथं गाड्या मोजक्या. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टच्या शेवटचं जूनच्या शेवटाला, पहिल्याच दिवशी सकाळी बसून काढा. अम्मांना लोअर बर्थ सिनियर सिटिझन कोट्यातून मिळतो का बघा.

खोलीसाठी देवस्थानच्या ऑफिसचीच खोली घ्या. आम्ही शहाणपणा करून फोनवरून एका एजंटाला ॲडव्हान्स पाठवला, तिथं गेलो तर तो फोन उचलेना, लॉजवाला म्हणतो आमच्याकडे नावच नाही. रात्री अकरा वाजता सासूबाई सुटकेसवर बसलेल्या आणि मी रडकुंडीला आलेले. शेवटी एका केरळच्या कुटुंबानं त्यांच्या खोलीत चटई टाकून दिली. सासूबाई अजून म्हणतात माताच आली होती. मी म्हणते माता आली होती तर एजंटाला पण भेटायला हवी होती.

जेवणाचं, तीन दिवस भात-सांबार झालं की सोलापुरी माणसाचा जीव जातो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरपूर न्या, आठवडाभर टिकते. आमच्या डब्यातली चटणी त्या केरळच्या लोकांनी संपवली.

तिथं मेणबत्त्या, फुलांचे हार, नारळाची रोपं घेऊन लोक चाललेले असतात. रोपं बघून मी विचारलं हे कशाला, तर मूल-बाळ, घरदार यासाठी नारळाचं रोप वाहतात म्हणे. चांदीचे हात-पाय-डोळे-घरं तिथं पण विकायला असतात. लोकांनी पूर्वी वाहिलेल्या नवसाच्या वस्तू बघायला संग्रहालय आहे, ते चुकवू नका. काचेच्या मागं घर, स्टेथोस्कोप, पासपोर्ट, काय काय. सासूबाई एकेक वस्तू बघून तिच्यामागची गोष्ट स्वतःच रचून मला सांगत होत्या, एक तास गेला. डोकं भादरून घेणारे पण खूप, त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे, आपल्याकडच्या जावळासारखं लहान पोरांचं करतात.

समुद्रावर अम्मांना लांबूनच बसवा. लोक अंघोळीला उतरतात, पण ओढ आहे. २००४ च्या त्सुनामीत २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवार होता, त्या किनाऱ्यावर आणि दुकानांच्या भागात यात्रेकरू शेकड्यांनी गेले. आम्ही ज्या बाईकडून हार घेतला ती बोलता बोलता सहज म्हणाली की पूर्वी आमचं दुकान पुढं होतं. एवढंच म्हणाली.

बाळीवेसचा_बंड्या

मुंबईला माऊंट मेरी पण आहे की. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री झोपायचं, सकाळी दादर, लोकलनं वांद्रे, संध्याकाळी परत. तिथं तर मेणाचे हात-पाय-घर सगळं मिळतं, मी कॉलेजला असताना परीक्षेसाठी मेणाची वही की काय वाहिली होती. पास झालो बे.

लाईनीतला_पोरगा

मोत मावलीची (माऊंट मेरीचीच) जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते, जायला सोपी आहे हे खरं. पण नवस वेलंकनीचा आहे ना भावा. तुळजापूरचा नवस पंढरपुरात फेडशील का?

कुंभारीवाला

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. श्रीरामपूरकर सर, तुमचं ऐकून काल रात्री अम्माला शब्द न् शब्द विचारलं. जे झालं ते सांगतो.

मी म्हटलं अम्मा, तू आंटींना नेमकं काय बोलली होतीस. तर म्हणे, काय बोलणार, मोकाळ्ळ मीद वस्ता म्हटलं, गुडघ्यावर येईन. मी म्हटलं, कुठून कुठपर्यंत? तर माझ्याकडे असं बघितलं की हा काय बिनडोक आहे. म्हणाली, "ते कुठं ठरलंय? किती लांब ते मी म्हटलंच नव्हतं." म्हणजे इतकी वर्षं घरात सगळे डोक्यावर घेऊन बसलो होतो की अम्मा आख्खा रस्ता गुडघ्यावर चालणार, तिच्यासाठी विषयच नव्हता. विडी कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं मोजून माल दिलाय तिनं, शब्द मोजूनच देणार.

मग म्हटलं किती करणार? म्हणाली तिथं जाऊन बघू, दोन पावलं, नाहीतर चार, तुम्ही दोघं दोन बाजूंनी धरा. डॉक्टरना फोन करून विचारलं, ते हसले, म्हणाले खाली मऊ काहीतरी घाला आणि स्वतःच्या जोरावर उठू देऊ नका, तुम्ही उचला. म्हणजे रजई घ्यावी लागणार, सोलापूरची चादर आहेच.

८ तारखेचा हट्ट पण सुटला, पण माझ्यामुळं नाही. लाईनीतल्या दादांचं रथाचं वाचून दाखवलं, तेलुगू मिस्सा पण सांगितली, तर म्हणाली मग आधीच जाऊ, निवांत रथ बघू. भावाला फोन केला. मला वाटलं नाही म्हणेल, सुट्टी नाही वगैरे. तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "ताकवाल्या पोराचीच जागा ना? मी येतो." आता ताई पण यायचं म्हणलीय. चार तिकिटं.

चांदीचा पाय सराफाकडं पॉलिशला न्यायला काढला होता, अम्मानं हातातून घेतला, म्हणाली काळा आहे तसाच राहू दे, उशीर झाला ते दिसू दे. आता मला एवढंच सांगा की तो पाय तिथं कुठं द्यायचा, मूर्तीपुढं ठेवायचा का पेटीत टाकायचा?

लाईनीतला_पोरगा

मूर्तीपर्यंत हात पोचत नाही, गर्दी असते. वस्तू घ्यायची तिथं वेगळी जागा आहे, कोणत्याही सिस्टरला नाहीतर स्वयंसेवकाला विचार, दाखवतील. अम्माच्याच हातानं दे. आणि बिस्किटाचा डबा टाकू नको, सोबत ने. देवस्थानात तेलाच्या छोट्या बाटल्या मिळतात, आंटी लावायच्या तेच तेल, परत येताना त्यात बरोबर उभ्या राहतात, सांडत नाहीत.